आई कुठे होती?

जुन्नर-आंबेगावात पोरांना गावी ठेवून पोटासाठी बाहेर पडायच्या दोन जुन्या वाटा आहेत. एक वाट मुंबईला जाते. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी या तालुक्यांतल्या पुरुषांनी सव्वाशेहून जास्त वर्षं मुंबईचे डबे वाहिले. हे काम १८९० साली सुरू झालं असं सांगतात. माणूस एकदा गेला की गावकीच्या खोलीत आठ-दहा जणांत पथारी टाकायची, सकाळी डबे गोळा करायचे, दुपारी पोचवायचे, रिकामे परत आणायचे. चैत्रात गावची यात्रा आली की पाच-सहा दिवस सुट्टी. दरवर्षी त्या वेळी पेपरात बातमी येते, डबेवाले सुट्टीवर. ते कुठे जातात तर आमच्याकडे, घरी.

दुसरी वाट नारायणगावातून निघते. या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतात ते वैशाखात यात्रा संपेपर्यंत फिरत राहतात. आज या गावात तंबू, उद्या त्या गावात, झोप गाडीत. फडात बायका असतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणींना पोरं असतात. पोरं आजीकडे, मावशीकडे किंवा मामाकडे राहतात. पावसाळ्यात आई परत येते.

दोन्ही घरांत पोराने आजीच्या कुशीत झोपायचं, फोनवर ‘जेवलास का’ ऐकायचं आणि कुणीतरी यायची वाट बघायची. तारखाच मोजायच्या झाल्या तर तमाशातली आई डबेवाल्या बापापेक्षा जास्त दिवस घरी असते. पण गावात बोलताना बापाबद्दल म्हणतात, “पोरांसाठी राबतोय बिचारा.” आणि आईबद्दल म्हणतात, “पोरं टाकून गेली.”

मला या लेखात एवढीच गोष्ट उकलून बघायची आहे. माणूस लहानपणी कसा घडतो, त्याला कोण जबाबदार, हा प्रश्न आपण विचारतो तेव्हा आपण आधीच कुणाकडे बोट केलेलं असतं? आणि ते बोट बाजूला घेतलं तर मुलाच्या दुखण्याचं काय करायचं?

मी पहिल्या वाटेवरच्या घरातली. आण्णा अंधेरीच्या लाइनवर डबे वाहायचे. आमच्या घरात ते नसण्याला कधी नाव नव्हतं, कारण जे सगळ्यांच्याच घरी असतं त्याला कोण नाव ठेवतं? आळीतल्या निम्म्या घरांत बाप म्हणजे यात्रेला येणारा माणूस होता. नवे कपडे आणायचा, बैलगाड्याच्या घाटात दिवसभर उभा राहायचा, रात्री भाकरीवर तूप जास्त पडायचं आणि सहाव्या दिवशी पिशवी भरायचा. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिची आई फडात होती. शाळेच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे ती ‘शेतमजुरी’ लिहायची. मी वडिलांच्या व्यवसायापुढे ‘मुंबई’ लिहायचे. मुंबई हा काही व्यवसाय नाही, पण कुणीही मला तो खोडायला लावला नाही.

आता जरा वर, किल्ल्याकडे बघू. जुन्नरच्या पोराला आईची महती शाळेत शिकवावी लागत नाही, शिवनेरी समोरच उभा असतो. १९ फेब्रुवारीला सगळा महाराष्ट्र तिथे लोटतो. गडावर जिजाऊ आणि बालशिवबाचा पुतळा आहे. भाषणांत दरवर्षी एकच सांगतात: आईने संस्कार केले म्हणून राजा घडला. जिजाऊंच्या कर्तबगारीबद्दल शंका घ्यायचं कारणच नाही. पण भाषण करणाऱ्यांच्या कधी लक्षात येत नाही की ही गोष्ट दूर असलेल्या बापाचीही आहे. शहाजीराजे मोहिमांवर, पुढे बंगळूरकडे. थोरले संभाजीराजे वडिलांजवळ कर्नाटकात, धाकटे शिवबा आईजवळ इकडे. एकाच घराची दोन ठिकाणी विभागलेली दोन मुलं. शहाजीराजे मुलाजवळ नव्हते म्हणून त्यांना कुणी बोल लावत नाही आणि लावूही नये, त्या काळाच्या राजकारणात ते जिथे असायला हवे होते तिथे होते. मात्र त्याच मोजमापाने आपण आजच्या बाईला मोजत नाही. तिला आपण थेट पुतळ्याशेजारी उभी करतो आणि म्हणतो, बघ, आई अशी असते.

त्याच तालुक्यात दुसऱ्या एका आईची गोष्टही सांगितली जाते. विठाबाई नारायणगावकर. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत बोर्डावर आल्या. मी ही गोष्ट लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली आहे की सांगणाऱ्याचा सूर पाठ झालाय. कौतुकाचा सूर. केवढी ती कलेवरची निष्ठा! १९३५ साली जन्मलेल्या या बाईला राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला, २००२ मध्ये त्या गेल्या आणि आता राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशातल्या कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. त्यांची मुलगी मंगला बनसोडे यांनीही तीच वाट धरली आणि स्वतःचा मोठा फड चालवला.

मला त्या गोष्टीतल्या निष्ठेपेक्षा दुसरंच काहीतरी दिसतं. दिवस भरलेल्या बाईला सुट्टी नव्हती. प्रेक्षकांनी पैसे मोजले होते, फडात कितीतरी माणसांचं पोट होतं, त्या रात्रीचा खेळ थांबवणं तिला परवडणारं नव्हतं. कौतुक केलं की हा हिशेब झाकला जातो. आणि मजा बघा, ज्या गावात ही गोष्ट छाती फुगवून सांगतात त्याच गावात एखादी साधी फडातली बाई आठ महिने बाहेर राहिली की ती ‘पोरं टाकून’ जाते. बाई एक तर दंतकथा असावी लागते, नाही तर बेजबाबदार. मधली जागाच नाही.

इथे जातीचं बोलल्याशिवाय पुढे जाणं खोटेपणाचं होईल. डबे वाहणारे बहुतेक मराठा. तमाशाच्या फडांत पिढ्यान्‌पिढ्या मांग, महार, कोल्हाटी आणि अशाच समाजांतली माणसं राहिली. तेव्हा ‘राबतोय’ आणि ‘टाकून गेली’ या दोन शब्दांमधलं अंतर फक्त बाई-पुरुषाचं नाही. कोणाच्या कष्टाला कष्ट म्हणायचं, हे आमच्याकडे माणूस घराबाहेर पडायच्या आधीच ठरलेलं असतं.

आता तुमच्या-माझ्या फोनकडे येते. इन्स्टावर अर्धा तास काढा, एखादी तरी रील सांगेल की तुमची अटॅचमेंट स्टाइल कोणती. मेसेजला उशिरा उत्तर आलं की जीव कासावीस होतो? तुम्ही ‘अँक्शस’. कुणी जवळ आलं की पळावंसं वाटतं? ‘अव्हॉइडंट’. खाली कारण दिलेलं असतं: लहानपणी आई भावनिकदृष्ट्या उपलब्ध नव्हती. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांनी या चार ओळींवर आईशी भांडण काढलंय. काहींना त्याचा खरोखर उपयोग झाला, नाही असं नाही. आपल्याला जे सलतं त्याला शब्द मिळाला की माणसाला सुटल्यासारखं वाटतं.

पण ही रील आली कुठून ते बघण्यासारखं आहे. इंग्लंडमधल्या जॉन बोल्बी या मनोविकारतज्ज्ञाने १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. युद्धाने बेघर झालेल्या, अनाथालयांत आणि इस्पितळांत वाढलेल्या मुलांबद्दलचा. कोवळ्या वयात कुणाची तरी सलग माया मिळाली नाही तर मूल आतून मोडतं, हे त्याने ठासून मांडलं. हा मोठा उपकार होता. तोवर मुलाला दवाखान्यात भरती केलं की आईबापांना आठवड्यातून कधीतरीच भेटू देत, रडून रडून पोर गप्प झालं की ‘रुळलं’ म्हणत. बोल्बीचा सहकारी जेम्स रॉबर्टसन याने १९५२ मध्ये दोन वर्षांच्या एका मुलीच्या दवाखान्यातल्या दिवसांची फिल्म केली. ती बघून डॉक्टर आधी चिडले आणि मग हळूहळू नियम बदलले.

आता बोल्बीने बापाबद्दल काय म्हटलं तेही बघा. बापाचं काम म्हणजे मुख्यतः पैसा पुरवणं आणि आईला धीर देणं, तान्ह्या बाळाच्या दृष्टीने थेट महत्त्व आईचंच. म्हणजे सातासमुद्रापलीकडचा विद्वान आणि आमच्या आळीतली म्हातारी, दोघं एकाच ठिकाणी पोचले. बाप मुंबईला असला तरी चालतं.

बोल्बीबरोबर काम केलेली मेरी एन्सवर्थ पन्नाशीच्या दशकात युगांडातल्या खेड्यांत राहिली, घरोघर जाऊन तिने बाळं पाहिली. तिथे बाळं आईखेरीज दुसऱ्या माणसांनाही जीव लावतात हे तिच्या नोंदींत आहे. पुढे अमेरिकेत तिने प्रसिद्ध प्रयोग केला: अनोळखी खोली, वर्षाचं बाळ, आई तीनेक मिनिटांसाठी बाहेर जाते, परत येते आणि बाळ तिला कसं भेटतं ते बघायचं. बाळांचे गट त्यातून पडले. मोठ्या माणसांच्या प्रेमाला हेच गट लावायची कल्पना त्यानंतर, १९८७ मध्ये, हेझन आणि शेव्हर या दोघांनी मांडली. त्यांनी अमेरिकेतल्या एका दैनिकात ‘लव्ह क्विझ’ छापून वाचकांकडून उत्तरं मागवली होती. आपल्या फोनवर येणारी चाचणी त्या क्विझची नात आहे. वर्षाच्या बाळाचा गट आणि पंचविशीतल्या माणसाने स्वतः भरलेल्या प्रश्नावलीचा गट यांचा मेळ फारच सैल बसतो. मध्ये चोवीस वर्षं जातात. शाळा, मित्र, आजारपण, पहिली नोकरी, कुणाचं तरी प्रेम हे सगळं त्यात येतं. चार ओळींत आईवर पावती फाडण्याइतका हा हिशेब सरळ नाही.

मग लहानपणाने काहीच ठरत नाही का? ठरतं. रोमानियात १९८९ नंतर सरकारी अनाथालयांची दारं उघडली तेव्हा जगाने बघितलं. तिथली बाळं पोट भरूनही वाळलेली होती. एकेका दाईकडे कितीतरी बाळं, दर पाळीला माणूस बदलणार, रडलं तरी कुणी उचलायला नाही. बुखारेस्टमध्ये २००० सालापासून संशोधकांनी अशा १३६ मुलांचा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं पालक-कुटुंबांत पाठवली, बाकीची होती तिथे राहिली. जी मुलं साधारण दोन वर्षांची व्हायच्या आत घरात गेली ती माणसाला बिलगायला जास्त चांगली शिकली. (या प्रयोगाच्या नीतीवर बरंच बोललं गेलंय आणि ते बोलायलाच हवं.) माझ्या दृष्टीने कळीची गोष्ट अशी की त्या मुलांना जी घरं मिळाली ती त्यांच्या जन्मदात्यांची नव्हती. बाळाला लागतं ते रोज परत येणारं एक माणूस. ते रडण्यावरून भूक ओळखतं, त्याच्या अंगाचा वास ओळखीचा होतो. ते माणूस आई असेल, आजी असेल, बाप असेल. मानववंशशास्त्रज्ञ सारा हर्डी तर म्हणते की माणसाचं पिल्लू एकट्या आईने वाढवावं अशी रचना मुळातच नाही, इतक्या हळू वाढणाऱ्या जिवाला अनेकांचे हात लागतात आणि म्हणूनच माणूस टिकला.

आमच्या आज्यांना हे ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलं नाही एवढंच.

महाराष्ट्रात हे एका बाईने ओळखून त्यावर काम केलं. ताराबाई मोडक. बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी आदिवासी मुलांसाठी बालवाडी काढली तेव्हा मुलं येईनात. ताराबाईंनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा आज प्रत्येक खेड्यात असलेला शब्द त्या कामातून आलाय. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी त्या कुरणात शाळा घेऊन गेल्या. आणि मला त्यांचं सगळ्यात आवडतं काम म्हणजे कोसबाडची विकासवाडी. मोठ्या मुली शाळेत का येत नाहीत? कारण आई मजुरीला गेल्यावर धाकट्याला सांभाळायचं त्यांच्याकडे असतं. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. ताई धाकट्याला कडेवर घेऊन येईल, त्याला पाळण्यात ठेवेल, स्वतः वर्गात बसेल. ताराबाईंनी कुठल्याही आईला संस्कारांवर भाषण दिलं नाही. ती कामाला जाणारच हे त्यांनी धरून चाललं आणि मग मुलाजवळ कोण, असा प्रश्न विचारला.

१९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली, तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळालं. आमच्या गावच्या अंगणवाडीत माझ्या आठवणीतली पहिली खिचडी आहे आणि माझं नाव नीट घेणारी घराबाहेरची पहिली बाई आहे. त्या बाईला पगार नव्हता, मानधन होतं. आजही सेविका आणि मदतनीस यांना सरकार ‘मानधन’च देतं. ज्या कामाने मूल घडतं असं आपण भाषणात म्हणतो त्या कामाला पगार हा शब्द लावायला आपली जीभ वळत नाही.

हे सगळं लिहिताना मला तिसऱ्या प्रकारची पोरं आठवतात. यांचे आईबाप त्यांना मागे ठेवत नाहीत, बरोबर आणतात. कुकडीच्या कालव्यांनी जुन्नर-आंबेगावात ऊस वाढला. विघ्नहर, भीमाशंकर हे कारखाने दिवाळीच्या आगेमागे पेटले की बीड, नगरकडून ऊसतोड टोळ्या येतात. मुकादम उचल देतो ती जोडीला, नवरा-बायकोच्या त्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात. बाई एकटी मोजली जात नाही आणि तिच्या पोराला तर या हिशेबात जागाच नाही. पहाटे अंधारात थळात शिरायचं आणि पोराला बांधावर, जुन्या लुगड्याच्या झोळीत ठेवायचं. आई हाकेच्या अंतरावर आहे, पण हातात कोयता आहे.

त्याच उसात बिबट्या आहे. आमच्याकडे बिबट्यांच्या पिढ्या उसात जन्मल्या. तोडणी चालू असताना पिल्लं सापडतात, तेव्हा काय होतं ते मी जवळून बघितलंय. वनखात्याची माणसं येतात, माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातून डॉक्टर येतात. पिल्लं तपासतात, संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात, कॅमेरा लावतात आणि सगळे दूर जाऊन बसतात. रात्री कधीतरी मादी येते आणि पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. हे काम अतिशय चांगलं आहे, मला त्याची थट्टा करायची नाही. (नर बिबट्या कुठे असतो, हे मात्र तिथेही कुणी विचारत नाही.) पण ज्या थळात बिबट्याच्या पिल्लाची आईशी गाठ घालून द्यायला एवढी माणसं रात्रभर जागतात, त्याच थळाच्या बांधावर झोळीत पोर आहे. त्याच्यासाठी तिथे पाळणा आणि एक बाई ठेवायची सोय व्हायला नेमकं काय आड येतं?

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर-आंबेगावच्या सीमेवर बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलं गेली. लोक पेटून उठले, पुणे-नाशिक महामार्ग अडवला. आता आमच्याकडे अंधार पडायच्या आत पोरं घरात असतात, अंगणात खेळणं तर संपलंच. अशा बातम्यांखालच्या कमेंट मी वाचते, वाचू नयेत तरी वाचते. कुणीतरी लिहितंच: लहान लेकराला एकटं सोडलंच कसं, आई कुठे होती?

आई शेतात होती. आई नेहमी शेतात होती.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे तुझं म्हणणं आईबापांचा दोष नाही, परिस्थितीचा आहे, पोरांनी समजून घ्यावं. नाही. इथेच मला थांबून नीट बोलायचं आहे, कारण आपल्याकडे ‘समजून घे’ हा शब्द पोराचं तोंड बंद करायला वापरतात.

किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन १९९४ मध्ये आलं. आई नाचणारी, मुलगा आजोळी वाढतो, उपाशी राहतो, मार खातो, काम करतो आणि आईची वाट बघतो. पुढे तो डॉक्टर होतो. हे पुस्तक वाचताना कळतं की आईकडे दुसरा मार्ग नव्हता. त्यानेही ते ओळखलंय. आणि तरी त्या पोराचं तुटणं एका कणानेही कमी होत नाही. आईची लाचारी खरी आणि मुलाची भूक खरी. एकाने दुसरं फिटत नाही. लेखकाने मधलं नाव मात्र बापाचं घेतलं नाही, आईचं घेतलं. ज्या बाईची वाट बघण्यात बालपण गेलं तिचंच नाव त्याने पुस्तकावर, स्वतःच्या नावाच्या मध्यभागी ठेवलं. याला माफी म्हणायचं की तक्रार? मला वाटतं तो आई कोण होती ते नीट सांगत होता, बस.

आपण दोष आणि देणं या दोन गोष्टी एकच समजतो, तिथे घोळ होतो. माझं पीक शेजाऱ्याच्या बैलाने खाल्लं, बैल दावं तोडून आला, शेजाऱ्याचा दोष नाही. तरी आमच्या गावात शेजारी येऊन म्हणतो, “काय नुकसान झालं ते सांग.” तसंच इथे. बापाचा दोष नाही, त्याने दुसरं काय करायचं होतं? तरी पोराचं काहीतरी राहिलेलं आहे आणि ते राहिलंय हे कुणीतरी येऊन म्हणायला हवं. दोष नाही म्हणून देणंच नाही असं ठरवलं की पोर आयुष्यभर एकटंच त्या नुकसानीपाशी बसून राहतं. आणि देणं आहे म्हणजे दोष आहेच असं ठरवलं की सगळा राग हाताशी असलेल्या माणसावर निघतो. हाताशी असते आई. जो घरी असतो त्याच्यावरच पोराला रुसता येतं. गेलेल्या बापावर काय रुसणार, तो तर सहा दिवसांसाठी येतो आणि त्या सहा दिवसांत यात्रा असते.

आमच्या घरी हे २०२० साली उघडं पडलं. मार्चमध्ये लोकल थांबल्या, डबे थांबले, आण्णा गावी आले आणि राहिले. मी वीस वर्षांची होते. तोवर आम्ही सलग आठवडाभरही एका छताखाली काढला नव्हता. पहिले कित्येक दिवस ते माझ्याशी आईमार्फत बोलायचे. मी समोर बसलेली असताना आईला म्हणायचे, “तिला विचार, चहा घेती का.” एकदा दुपारी त्यांनी सहज सांगायला सुरुवात केली: कोणत्या बिल्डिंगमधल्या बाई भाजीत तिखट कमी घालतात, कोणाचा डबा सोमवारी हलका असतो कारण उपास, कोणाच्या घरी भांडण झालं की डबा उशिरा मिळतो. चाळीसेक घरांचं त्यांना सगळं ठाऊक होतं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, “आन हिला काय आवडतं, ते सांगा बरं.” आण्णा गप्प बसले. मग म्हणाले, “ते राह्यलंच.”

त्यांनी माफी मागितली नाही, मी मागितलीही नसती. पण ‘ते राह्यलंच’ हे दोन शब्द मला कुठल्याही रीलपेक्षा जास्त पुरले. त्यानंतर ते विचारू लागले. वेंधळेपणाने, नको तेव्हा, परीक्षेच्या आदल्या रात्री. आता ते पुन्हा मुंबईला आहेत, कमी डबे आहेत. रोज फोन करतात आणि आईला द्यायच्या आधी माझ्याशी बोलतात.

वर्गातल्या त्या मैत्रिणीचं सांगायचं राहिलं. तिला मी एकदा विचारलं होतं, तुला आईचा राग येतो का? ती म्हणाली, “पावसाळ्यात यायचा नाही.” मग थोडं थांबून म्हणाली, “पावसाळ्यात ती सगळीच माझी असायची. तुमच्या आया घरी असून कामातच असायच्या.” ती आता नर्स आहे, रात्रपाळी असते. तिला चार वर्षांची मुलगी आहे. तिच्या आईने फड सोडला, ती नातीला सांभाळते आणि शेजारचे म्हणतात, आजी आहे म्हणून बरंय. नवरा नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोची गाडी भरून रात्री वाशीला जातो, पहाटे परत येतो. मागच्या महिन्यात एका लग्नात आम्ही पंगतीला शेजारी बसलो होतो. तासाभरात तिला चार बायकांनी आणि एका काकांनी विचारलं, “रात्रीचं पोर कुणाकडं ठेवती गं?” नवरा समोरच्या पंगतीत वाढत होता. त्याला सगळ्यांनी विचारलं, यंदा टोमॅटोला भाव काय.